पिवळ्या पावडरीचा प्रश्न



'वॉशिंग पावडर निरमा' ही जाहिरात टीव्हीवर दिसू लागली त्याआधी ती रेडिओवर वाजत होती. त्यामुळे आजचा विषय मांडायला रेडिओइतकी योग्य जागा नाही. विषय व्यवस्थापनाचा आहे. कंपनीपुढे अडचण उभी राहते, तेव्हा ती नेमकी काय आहे हे कोण ठरवतं, आणि चुकीचं ठरलं तर काय होतं?

1969 साली अहमदाबादेत करसनभाई पटेल नावाचे एक रसायनतज्ज्ञ सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला होते. नोकरी सांभाळून ते घरी कपडे धुण्याची पावडर बनवायचे आणि सायकलवरून दारोदार विकायचे. पावडरीला नाव दिलं मुलीच्या नावावरून. किंमत साडेतीन रुपये किलोच्या आसपास. त्या काळी पावडर म्हणजे हिंदुस्थान लिव्हरचं सर्फ, 1959 पासून बाजारात असलेलं, आणि ते निरमाच्या जवळजवळ चौपट महाग. निरमा दिसायला पिवळी, वास नाही, आणि सोडा इतका की हात झोंबायचे. पण मोठा कारखाना नाही, माल हाताने मिसळलेला, त्यामुळे अबकारी कराचा बोजा नाही. जाहिरात सुरू झाली तीही नंतर.

आता मुंबईला येऊ. बॅकबे रेक्लमेशनला लिव्हरचं मुख्य कार्यालय. तिथे बसलेली माणसं मूर्ख नव्हती. या देशातल्या उत्तम व्यवस्थापकांची ती शाळाच होती. पण त्यांनी निरमाकडे पाहिलं आणि मनाशी ठरवलं की हा माल हलका आहे, तो घेणारा आपला गिऱ्हाईक नाही. सर्फच्या तुलनेत पाहिलं तर यात खोटं काही नव्हतं. निरमा खरोखरच हलकी होती.

घोळ झाला तो तुलनेत. निरमा घेणारी बाई सर्फ सोडून आलेली असेलच असं नव्हतं. ती न्हाणीतल्या दगडावर बसून साबणाची वडी कॉलरवर घासत होती, मग कपडा धोपटत होती, मग पुन्हा घासत होती. वडी पाण्यात राहिली की विरघळून निम्मी व्हायची, म्हणून ती लगेच उचलून कोरड्या जागी ठेवायची. तिच्यासमोर पहिल्यांदाच अशी पावडर आली की बादलीत मूठभर टाकायची, कपडे भिजवायचे आणि वर स्वयंपाकाला लागायचं. ही बाई पावडरीच्या बाजाराच्या हिशेबात नव्हतीच. जो बाजार मोजलाच नाही, तिथे आपण हरतोय हे आकड्यांवरून कळणार कसं?

पुढे खप डोळ्यांत भरण्याइतका वाढला, तेव्हा लिव्हरने प्रश्न मांडला तो असा: सर्फ महाग वाटतं, तर ते परवडतं हे कसं पटवायचं? या प्रश्नाचं उत्तर म्हणजे ललिताजी. लिंटास या जाहिरात संस्थेच्या अलिक पदमसींनी घडवलेली आणि कविता चौधरींनी साकारलेली ती भाजी पारखून घेणारी, पैशाला पैसा मोजणारी बाई आजही लोकांना आठवते. माझ्या मते आपल्याकडच्या उत्तम जाहिरातींपैकी ती एक. विचारलेल्या प्रश्नाचं इतकं चोख उत्तर क्वचितच मिळतं. पण ज्या घरात महिन्याच्या किराण्यात साबणासाठी ठरावीक रुपयेच निघतात, तिथे ललिताजींचा हिशेब कितीही बरोबर असला तरी उपयोगाचा नव्हता. निरमा देशातली सर्वांत जास्त खपणारी पावडर झालीच.

यातली मेख बारकाईने पाहण्यासारखी आहे. खप घटला की जाहिरात विभाग म्हणतो जाहिरात कमी पडली, विक्री विभाग म्हणतो दुकानदाराला सूट वाढवा, आणि कारखान्यातला माणूस म्हणतो माल तर उत्तम आहे. प्रत्येकजण प्रश्नाला असं नाव देतो की उत्तर त्याच्या हातातल्या हत्यारानेच निघावं. वरचा अधिकारी त्यातलं सर्वांत नीट मांडलेलं नाव उचलतो. डावपेच तिथेच ठरून जातात. पुढच्या बैठका फक्त तारखा ठरवण्यासाठी.

1980च्या दशकाच्या उत्तरार्धात लिव्हरने प्रश्न बदलला. मोहिमेचं नाव होतं 'स्टिंग', इंग्रजी आद्याक्षरांतून बनलेलं, म्हणजे निरमाची वाढ रोखण्याचे डावपेच. नाव शत्रूचं घेतलं, पण शोध घ्यावा लागला स्वतःचाच, ही त्यातली गंमत. नवा प्रश्न असा होता: एवढ्या कमी किमतीत पावडर विकून आपल्याला नफा उरेल का? आधी किंमत ठरवायची आणि तिथून मागे मोजत यायचं, की बांधणीला किती, वाहतुकीला किती, वितरकाला किती. सर्फसाठी उभी केलेली यंत्रणा या हिशेबात बसत नव्हती. म्हणून उत्पादन लहान कारखानदारांकडून करून घ्यायचं ठरलं आणि विक्रीची साखळीही वेगळी आखली. माल तयार झाला तो व्हील. किंमत निरमाच्या जवळपास, पण हाताला कमी त्रास देणारा आणि सुवासिक. निरमाच्या गिऱ्हाइकाची खरी तक्रार झोंबणाऱ्या हातांची होती, हे तोवर कोणीतरी न्हाणीपर्यंत जाऊन पाहिलं होतं, असंच म्हणावं लागेल. पुढे व्हील खपाच्या दृष्टीने लिव्हरची सर्वांत मोठी पावडर झाली. व्यवस्थापनतज्ज्ञ सी. के. प्रल्हाद यांनी गरीब गिऱ्हाइकांच्या बाजारावर लिहिताना हे उदाहरण घेतलं, आणि ते जगभरच्या व्यवस्थापन शाळांत पोचलं.

भोसरी, अंबड, इचलकरंजी इथल्या अनेक लघुउद्योजकांना वाटतं की हे मोठ्या कंपन्यांचे खेळ. मला उलट वाटतं. मोठ्या कंपनीकडे वर्षानुवर्षं चुकीचा प्रश्न सोडवत बसण्याइतका पैसा असतो, तुमच्याकडे नसतो. म्हणून पुढच्या वेळी 'ऑर्डरी कमी झाल्या' असं कोणी सांगितलं, तर लगेच उपाय विचारू नका. कुणाच्या कमी झाल्या, ते आता कुणाकडून घेतात, आणि जे आपल्याकडून कधीच घेत नव्हते त्यांचं काम कशावर भागतं, हे आधी विचारा. उत्तर बहुधा कार्यालयात मिळत नाही, त्यासाठी गिऱ्हाइकाच्या दारात जावं लागतं.

आणि व्हीलची गोष्ट तिथे संपली नाही. 2011-12च्या सुमारास कानपूरहून निघालेल्या 'घडी' नावाच्या स्वस्त पावडरीने व्हीललाही मागे टाकलं.