सूर्याची वीज आणि चहाची किटली

(शहापूर व मुरबाड तालुक्यांतील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि शासकीय कर्मचारी यांच्यापुढे कसारा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कसारेकरांना शक्तीचे मोल सांगावयास नको. येथून इगतपुरीकडे जाणारा लोहमार्ग दर ३७ फुटांस एक फूट चढतो. जड गाडी वर न्यावयाची तर तिला बँकर इंजिने जोडावी लागतात, हे येथील शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. ओझे किती आणि ते ओढणारी शक्ती किती, याचा मेळ आधी घालावा लागतो. आज मी विजेच्या किटलीसारख्या एका लहानशा वस्तूविषयी बोलणार आहे. परंतु तेथेही प्रश्न हाच आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पंतप्रधान सूर्यघर : मोफत वीज योजना' सुरू झाली. घराच्या छपरावरील एक किलोवॅटच्या संचास ३० हजार, दोन किलोवॅटच्या संचास ६० हजार आणि तीन किंवा अधिक किलोवॅटच्या संचास ७८ हजार रुपये असे केंद्र शासनाचे अर्थसाहाय्य तीत ठरविण्यात आले. छपरावर पॅनेल बसले की घरातून पहिली पृच्छा होते ती ही : "आता चहाचे पाणी विजेवर तापवावे का? आणि कमी वीज खाणारी किटली कोणती?"

सर्वांची भूक सारखीच

मी कला शाखेचा पदवीधर. विजेचे गणित मला घरच्या मीटरने शिकविले. एक लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत नेण्यास, थोडी उष्णता वाया जाते ती धरून, सुमारे एक दशांश युनिट वीज लागते. किटली हजार वॅटची असेल तर सुमारे सहा मिनिटे लागतील. दीड हजार वॅटची असेल तर चार. युनिट मात्र जवळजवळ तेवढेच. म्हणून 'कमी वॅटची किटली म्हणजे बचत' ही समजूत खरी नव्हे.

मग वीज वाया जाते कोठे? ती जाते जास्तीच्या पाण्यात. तीन कप चहाला अर्धा लिटर पाणी पुरते. आपण दीड लिटरची किटली काठोकाठ भरतो आणि उरलेले लिटरभर पाणी निवू देतो. तिप्पट वीज खर्च होते आणि दोष किटलीला दिला जातो. माझ्या घरी कित्येक महिने असेच चालले होते.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात अवश्य करावा. इलेक्ट्रॉनिक मीटरवरील लहान दिवा एका युनिटला किती वेळा लुकलुकतो, ते मीटरच्या दर्शनी भागावर छापलेले असते. सौर संच नसलेल्या जागी, इतर उपकरणे बंद ठेवून, एकदा अर्धा लिटर आणि एकदा दीड लिटर पाणी उकळावे आणि मुलांना लुकलुक मोजावयास सांगावे. मोजलेली गोष्ट मुले विसरत नाहीत.

निवड कशी करावी?

किटली घेताना चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, पाणी उकळताच ती आपोआप बंद झाली पाहिजे. दुसरी, पाण्याची किमान खूण खालच्या पातळीवर असावी, म्हणजे दोन कपांपुरतेही पाणी तापविता येते. तिसरी, झाकण घट्ट बसावे आणि आतील भांडे स्टेनलेस स्टीलचे असावे. दुहेरी भिंतीची किटली पाणी अधिक वेळ गरम ठेवते. चौथी, आय.एस.आय. चिन्ह असावे. दीड हजार वॅटची किटली साडेसहा अँपिअर प्रवाह घेते; सहा अँपिअरच्या साध्या सॉकेटला तो पेलत नाही. वायरमनकडून अर्थिंगसह सोळा अँपिअरचा सॉकेट बसवून घ्यावा.

किटली पाण्यासाठी आहे, दुधासाठी नव्हे. दूध तळाला लागते आणि उतू जाते. किटलीतील आधण पातेल्यात ओतून साखर, चहाची पूड आणि दूध घातले की आपला नेहमीचा चहा होतो. गॅस मात्र थोडाच वेळ जळतो.

ओझे आणि इंजिन

आता वॅटचा विचार. एक किलोवॅटचे पॅनेल भर दुपारी, निरभ्र आकाशात, सातआठशे वॅट देते. दीड हजार वॅटची किटली लावली तर उरलेली वीज महावितरणच्या वाहिनीतून येते. तीच येथे बँकर इंजिनाचे काम करते. तीन किलोवॅटच्या संचास मात्र दुपारी हे ओझे एकट्याने पेलते. आपल्या घाटमाथ्याखालच्या पावसाळ्यात, ढग उतरून आले असता, हा हिशेब पार बदलतो, हेही ध्यानी ठेवावे.

आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. वाहिनीला जोडलेला, बॅटरी नसलेला संच वीज खंडित होताच स्वतःही बंद पडतो. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवाला धोका पोहोचू नये, म्हणून ही योजना केलेली असते. छपरावर ऊन लखलखत असले तरी किटली चालणार नाही. संचात बिघाड झाला असे समजू नये.

बॅटरीवर चालणाऱ्या संचाची गोष्ट निराळी. तेथे इन्व्हर्टरची क्षमता वाचूनच किटली घ्यावी आणि पाणी दुपारी उकळून थर्मासमध्ये भरावे. शहापूर तालुक्यातील चोंढे येथे घाटघर प्रकल्पात मागणी कमी असताना पाणी वर चढवितात आणि मागणी वाढली की खाली सोडून २५० मेगावॅटपर्यंत वीज घेतात. दुपारचे ऊन संध्याकाळच्या चहासाठी राखणारा थर्मास हा त्याच विचाराचा घरगुती अवतार होय.

जेथे किटली नको

शेवटी एक कळकळीची विनंती. अनेक पाड्यांवरील सौर संच दोन दिवे आणि मोबाइल यांपुरते असतात. शंभर वॅटच्या पॅनेलवर हजार वॅटची किटली चालत नाही. चालविण्याचा यत्न केला तर इन्व्हर्टर बंद पडतो आणि रात्री मुलांच्या अभ्यासाचा दिवाही जातो. सरपणाची मोळी डोक्यावरून आणणाऱ्या माउलीला खोटी आशा दाखवू नये. तिच्यासाठी गॅस, सुधारित चूल अथवा सूर्यचूल हाच प्रामाणिक सल्ला होय. अंगणवाडीसाठी किंवा ग्रामपंचायत कार्यालयासाठी किटलीच्या खरेदीचा ठराव करण्यापूर्वी संचाची क्षमता ठरावात लिहा आणि मगच किटलीचे वॅट ठरवा.

सूर्य वीज देताना हात आखडत नाही. मोजून वापरण्याचे काम आपले आहे, आणि त्याचा आरंभ उद्या सकाळी, किटलीत पाणी ओततानाच करता येईल.