उतारा वाचला पाहिजे



बेळगाव सीमाभागात आपण भाषेसाठी सभा घेतो, मोर्चे काढतो, आणि ते करायलाच हवे. आज मात्र आम्ही त्याच प्रश्नाच्या दप्तरातल्या बाजूविषयी बोलणार आहोत. आपल्यापैकी किती घरांनी गेल्या वर्षभरात आपल्या जमिनीचा उतारा काढून वाचला?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. आपल्या जुन्या घरांतले कागद मोडीत किंवा बाळबोधीत आहेत. आजचा उतारा कन्नडमध्ये आहे. २००० नंतर 'भूमी' योजनेत राज्यातले सुमारे २ कोटी उतारे संगणकावर चढले आणि हस्तलिखित उतारा बाद झाला. तलाठ्याच्या मागे फिरणे कमी झाले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण वहीत जी चूक होती, ती संगणकातही गेली. आडनावाचे एखादे अक्षर बदलले, की बँक विचारते, हा माणूस कोण?

कर्नाटक जमीन महसूल कायदा १९६४ च्या कलम १३३ प्रमाणे, उलट सिद्ध होईपर्यंत उताऱ्यावरची नोंद खरी धरली जाते. म्हणजे नोंद चुकीची आहे हे दाखवण्याचा भार आपल्यावर. "लिपी येत नाही" ही सबब तिथे चालत नाही.

दुसरी गोष्ट वारसाची. कलम १२८ प्रमाणे वारसाहक्काने जमीन आली, की तीन महिन्यांत कळवायचे असते. आपल्याकडे आजोबा जाऊन तीस वर्षे झाली तरी उताऱ्यावर नाव त्यांचेच. भावांची वाटणी तोंडी, एक भाऊ पुण्याला, आणि बहिणींना कोणी विचारलेलेच नाही. कर्नाटकाने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांबरोबरीचा हक्क दिला. बहिणींना वगळून केलेली नोंद पुढच्या पिढीला कोर्टाची पायरी चढायला लावते.

तिसरी गोष्ट नकाशाची. उतारा क्षेत्र सांगतो, बांध सांगत नाही. एका सर्व्हे नंबरात चार नावे असतील, तर कोणाचा तुकडा कुठे हे मोजणी होऊन पोटहिस्सा पडल्याशिवाय कागदावर येत नाही. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. बांध तीन फूट सरकला, तर ३३ फुटांच्या बाजूला जवळजवळ शंभर चौरस फूट जमीन जाते. रस्त्यासाठी भूसंपादन आले, की हाच हिशेब रुपयांत होतो.

मराठीत उतारा मिळावा ही आपली मागणी कायम आहे. घटनेच्या कलम ३५० प्रमाणे, राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाण्याचा अर्ज देता येतो. दुरुस्तीचा अर्ज मराठीत जरूर द्या, पोच घ्या. मात्र मागणी मान्य होईपर्यंत नोंद थांबत नाही. म्हणून प्रत्येक गावातल्या दोन तरुणांनी कन्नड उतारा वाचायला शिकावे आणि शेजारच्या घरांना वाचून दाखवावा. कन्नड वाचल्याने मराठीपण उणे होत नाही. न वाचल्याने जमीन मात्र उणी होते.

दिवाळीपूर्वी प्रत्येक घराने उतारा काढावा, नाव, क्षेत्र आणि वारस तपासावेत, एवढीच आमची विनंती.

जय महाराष्ट्र!