माहेरी आल्यावर आजारी पडलं तर



मला ‘परदेशातले अनुभव’ हा विषय दिलाय. बर्फाचे फोटो तुम्ही ग्रुपवर पाहिलेतच, म्हणून मी एका बिलाबद्दल बोलते.

सोळा वर्षं मी इंग्लंडमध्ये राहते. तिथली एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा १९४८ पासूनची. दवाखान्यात गेलं की पैशाचं कुणी विचारत नाही. या सवयीनंच माझा घात केला. दोन वर्षांपूर्वी सांगलीला आले आणि चौथ्याच रात्री पोटात कळा सुरू झाल्या. अपेंडिक्स! जवळच्या खासगी रुग्णालयात पहिला प्रश्न आला, “पॉलिसी कुठली?”

माझ्याकडे ब्रिटिश पासपोर्ट होता, ओसीआय कार्ड होतं, पॉलिसी नव्हती. घरीच तर चाललेय, मग प्रवासाचा विमा कशाला, असं वाटलं होतं. महात्मा फुले योजनेला रेशनकार्ड नाहीतर अधिवासाचा दाखला लागतो. रेशनकार्डावरचं माझं नाव लग्नानंतर आईनेच कमी करून आणलं होतं. तिकडचं कार्ड इथल्या मशीनमध्ये चालेना. शेवटी आपल्याच वर्गातला एकजण पहाटे अडीचला स्कूटरवरून आला आणि त्याने डिपॉझिट भरलं. संमतीपत्रावर ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात त्याने लिहिलं, ‘वर्गमित्र’. तो आत्ता तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसलाय.

परत गेल्यावर हे ऑफिसात सांगितलं, तर एक सहकारी हसायलाच लागला. हा जन्माने इंग्रज, पण तेव्हा नोकरीला दुबईत. सुट्टीत घरी आला आणि पाय मोडला. अपघात विभागातले उपचार फुकट झाले, पण दाखल करून ऑपरेशन केलं त्याचं बिल आलं, तेही ठरलेल्या दराच्या दीडपट. तिथे हक्क पासपोर्टावर नसतो, वास्तव्यावर असतो. पुढे तो कायमचा परतला, तेव्हा मात्र पहिल्या दिवसापासून हक्क मिळाला.

तुमच्यापैकी अनेकांची मुलं आता बाहेर आहेत. ती सुट्टीवर इथे येताना तिकडूनच प्रवासाचा विमा काढू द्या. इथे उतरून साधी पॉलिसी घेतली, तर सहसा पहिले तीस दिवस अपघातच धरतात, आणि जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. तीन आठवड्यांच्या रजेत तिचा काय उपयोग? आणि फॉर्मवर बीपी, शुगर लपवू नका. क्लेम तिथेच अडकतो.

मी या वेळी विमा काढून आलेय. फॉर्म कुणाला बघायचा असेल तर पर्समध्ये आहे, जेवताना दाखवते.