मधुमेहाच्या गोळीतले लिंकिंग
(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या आणि ज्वारीच्या भावावर बोलायला उभे राहायचे ही आमची रीत. आज आम्ही शुगरच्या गोळीवर बोलणार आहोत. काहींना वाटेल, हे डॉक्टरांचे काम, आंदोलनाचे नव्हे. पण शेतकऱ्याच्या घरातून दर महिन्याला पैसा बाहेर नेणारी जी जी वाट आहे, ती तपासणे हे आंदोलनाचेच काम आहे. आणि या वाटेने तर पैशाबरोबर माणूसही जायची वेळ येते.

गेल्या खरिपातली गोष्ट. आमच्या गावचे एक काका, वय ६८. सकाळी शुगरची गोळी घेतली, वर कपभर चहा, आणि डवरणीला निघाले. शिदोरी यायला उशीर झाला. दहाच्या सुमारास अंगाला दरदरून घाम, हात थरथरायला लागले, बोलणे असंबद्ध, आणि काका धुऱ्यावर आडवे झाले. शेजारच्या वावरात फवारणी चालली होती. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे गेली, तेव्हापासून घामाने भिजलेला माणूस दिसला की पहिला संशय औषधाच्या फवाऱ्याचा. कोणी म्हणाले, ऊन लागले. एकाने तर सकाळीच घेतली असेल, असेही म्हणून टाकले. दवाखान्यात एका नर्सबाईंनी बोटाला टोचून शुगर बघितली. ती निघाली ३८. सत्तरच्या खाली गेली तरी धोका समजतात. शिरेतून ग्लुकोज दिले तेव्हा काकांनी डोळे उघडले. संध्याकाळी आम्ही त्यांना घरी आणले, आणि मध्यरात्री पुन्हा तीच गत. दुसऱ्यांदा गाडी करावी लागली.

काका वाचले. मग आम्ही त्यांच्या गोळ्यांचे पाकीट घेऊन एका जाणत्या डॉक्टरांकडे गेलो आणि समजून घेतले. ते तुम्हाला सांगतो.

शुगर उतरवणाऱ्या सगळ्या गोळ्या एका जातीच्या नसतात. मेटफॉर्मिन ही जुनी आणि स्वस्त गोळी. ती एकटी घेतली तर शुगर धोक्याइतकी खाली जाणे क्वचितच घडते. दुसरी जात ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांची. या गोळ्या शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावतात. पोटात भाकर असो वा नसो, त्या आपले काम करतात. त्यातली ग्लिबेनक्लामाइड लांबवर टिकते. म्हाताऱ्या माणसात आणि मूत्रपिंड कमजोर असलेल्यात ती अंगात साचते. म्हणूनच काकांची शुगर रात्री पुन्हा पडली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत या जातीची ग्लिक्लाझाइड घेतली आहे, आणि ग्लिबेनक्लामाइड साठीच्या पुढच्या माणसांना योग्य नाही, अशी टीप दिली आहे. आमच्या ६८ वर्षांच्या काकांना तीच गोळी दिवसातून दोनदा चालू होती. मूत्रपिंडाची तपासणी एकदाही झालेली नव्हती.

आता कोरडवाहू शेतकऱ्याचे वर्ष डोळ्यांसमोर आणा. काकांची शुगर तपासली उन्हाळ्यात, हाताला काम नसताना. डोस तेव्हाच ठरला. जूनमध्ये पेरणी, मग डवरणी, निंदण, पुढे वेचणी. कष्टाने शुगर आपोआप उतरते, पण चिठ्ठीवरचा डोस तसाच राहतो. त्यात एकादशी, चतुर्थी, श्रावण सोमवार. उपाशी पोट, दिवसभर श्रम आणि वरून ती गोळी. खुर्चीत बसणाऱ्या माणसाच्या हिशोबाने लिहिलेली चिठ्ठी वावरात राबणाऱ्याला लागू पडत नाही. "तुम्ही काम काय करता, जेवता किती वाजता?" हे दोन प्रश्न काकांना कोणीही विचारले नव्हते.

शुगर जितकी खाली तितके बरे, असाही एक समज आहे. अमेरिका आणि कॅनडात 'अ‍ॅकॉर्ड' नावाची मोठी चाचणी झाली. त्यात १०,२५१ मधुमेही होते. अर्ध्यांची शुगर नेहमीपेक्षा फार खाली आणायचा प्रयत्न केला. त्या गटात मृत्यू जास्त होत आहेत असे दिसले, आणि २००८ साली तो जोरदार उपचार मध्येच थांबवावा लागला. वय झालेल्या, इतर आजार असलेल्या माणसाला शुगरची मर्यादा थोडी सैल ठेवावी, असे आता जाणते डॉक्टर सांगतात.

लिंकिंग

युरियाची गोणी मागितली की दुकानदार सोबत नको ते टॉनिक गळ्यात मारतो. त्याला आपण लिंकिंग म्हणतो आणि त्याविरुद्ध भांडतो. गोळीतही लिंकिंग आहे. एका गोळीत दोन, तीन औषधे बसवलेली असतात. दोन औषधांची जोडगोळी काही रोग्यांना सोयीची असते, हे खरे. पण तीन औषधे ठरलेल्या मापात एकत्र कोंबली की एकाचा डोस कमी करायचा तर तिन्हींचा करावा लागतो. एकाच पंपात तीन औषधे ओतून फवारणी करणाऱ्याला कृषी विद्यापीठ नावे ठेवते. इथे तेच माणसाच्या पोटात चालले आहे.

यामागचे अर्थशास्त्र बघा. मेटफॉर्मिनची आणि ग्लिमेपिराइडची साधी गोळी २०१५ च्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत होती. २०१३ च्या किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे यादीतल्या औषधाला सरकार कमाल किंमत ठरवून देते. त्यात यादीबाहेरचे दुसरे औषध मिसळले की ती कमाल किंमत त्या मिश्रणाला लागत नाही. मार्च २०१६ मध्ये केंद्र सरकारने ३४४ मिश्रणांवर बंदी घातली. कंपन्या कोर्टात गेल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून पुन्हा तपासणी झाली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणे बंद झाली. त्यांत मधुमेहाच्या तिहेरी गोळ्याही होत्या. म्हणजे सरकारनेच अयोग्य ठरवलेली गोळी तोपर्यंत लोकांच्या पोटात गेलेली होती.

आमचा बाजाराला विरोध नाही. कापसाला खुला बाजार मागणारे आम्हीच. पण बाजारात गिऱ्हाइकाला माल निवडता येतो, भाव विचारता येतो. इथे निवडतो एक, पैसे देतो दुसरा, आणि माल गळी उतरवायला कंपनीचा माणूस बॅग घेऊन दवाखान्यात बसलेला. सिताग्लिप्टिनचे पेटंट २०२२ मध्ये संपले, एम्पाग्लिफ्लोझिनचे मार्च २०२५ मध्ये, आणि त्या गोळ्यांचे भाव कोसळले. स्पर्धा आली की काय होते ते यातून कळते. पण जुन्याच महागड्या नावाची चिठ्ठी चालू राहिली, तर तो फायदा आपल्यापर्यंत पोचत नाही. नवी गोळी वाईट असते असेही नाही. ग्लिफ्लोझिन जातीची गोळी हृदयाला आणि मूत्रपिंडाला उपकारक ठरते. मात्र ती लघवीवाटे साखर आणि पाणी बाहेर टाकते. मे महिन्याच्या उन्हात, जुलाब-उलटीत किंवा कडक उपवासात ती चालू ठेवायची की थांबवायची, हे आधी विचारून ठेवलेच पाहिजे.

काय करायचे

एक गोष्ट आधी पक्की करा. हे भाषण ऐकून कोणीही गोळी किंवा इन्सुलिन मनाने बंद करायचे नाही. मोकाट सुटलेली शुगर डोळे, पाय, मूत्रपिंड खाते. गोळी सोडायची नाही, गोळीचा हिशोब मागायचा.

चिठ्ठी लिहिली जात असताना विचारा : यात किती औषधे आहेत? माझ्या वयाला चालते का? मूत्रपिंडाची तपासणी केली का? उपवासाच्या आणि वेचणीच्या दिवसांत डोस किती? हेच औषध जनऔषधी दुकानात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते का?

वावरात मधुमेही माणसाला घाम, थरथर, बडबड सुरू झाली आणि तो शुद्धीवर असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून लगेच द्या. पाव तासात फरक नाही पडला तर पुन्हा द्या, मग भाकर खाऊ घाला. गोळीत व्होग्लिबोज असेल तर साधी साखर लवकर लागू पडत नाही, म्हणून त्याच्या घरात ग्लुकोजची पावडर हवीच. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा. बरे वाटले तरी त्या दिवशी दवाखान्यात दाखवा, शुगर पुन्हा पडू शकते. आणि जवळपास फवारणी असली तरी डॉक्टरांना आधी सांगा, "हा शुगरचा पेशंट आहे." पाकीट सोबत न्या.

आमच्या मागण्या तीन. प्रत्येक आरोग्य उपकेंद्रात शुगर तपासायच्या पट्ट्या बारा महिने असाव्यात. मधुमेहाच्या रोग्याची मूत्रपिंडाची तपासणी वर्षातून एकदा फुकट व्हावी. आणि चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव ठळक, वाचता येईल असे लिहिले जावे.

बियाण्याची पिशवी आपण उलटून पालटून वाचतो, खताच्या गोणीची पावती मागतो. उद्या घरी गेल्यावर म्हाताऱ्या आईच्या, बापाच्या गोळीचे पाकीटही तसेच हातात घ्या आणि वाचा. पुढच्या मेळाव्याला येताना ते सोबत आणा. आपण सगळे मिळून वाचू.