लहान मुलांसह पक्षिदर्शन



लहान मुलाला बरोबर घेऊन दूरचा प्रवास करणे ही केवळ माणसाचीच रीत नव्हे. सायबेरियातील ओब नदीच्या खोऱ्यातून निघालेले शुभ्र सायबेरियन क्रौंच पाच हजारांहून अधिक किलोमीटरचे अंतर कापून राजस्थानातील भरतपूरच्या पाणथळीवर हिवाळा काढण्यास येत, तेव्हा काही जोडप्यांबरोबर त्यांचे त्या वर्षीचे पिल्लूही असे. पिल्लू बहुधा एकच. अंगावर दालचिनीच्या रंगाची पिसे असल्यामुळे पांढऱ्या आईबापांमध्ये ते तत्काळ ओळखू येई. उथळ पाण्यातील लव्हाळ्याचे कंद उकरून आईबाप ते त्याला भरवीत. जावयाचे कोणत्या वाटेने, उतरावयाचे कोठे, खावयाचे काय, हे पिल्लू आईबापांच्या सोबतीनेच शिके. आजच्या विषयाचा आरंभ या कुटुंबापासून करणे उचित होईल.

भरतपूरचे केवलादेव घना राष्ट्रीय उद्यान सुमारे २९ चौरस किलोमीटर विस्ताराचे आहे. मुळातल्या सखल भूमीभोवती संस्थानिकांनी बांध घातले आणि तेथे पाणी खेळवून बदकांच्या शिकारीची सोय केली. १९८२ साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला व १९८५ साली जागतिक वारसास्थळांत त्याची गणना झाली. आग्रा येथून सुमारे ५५ किलोमीटरवर असल्याने ताजमहाल पाहावयास आलेली कुटुंबे येथेही एखादा दिवस काढतात. अशा कुटुंबातील चार-पाच वर्षांच्या मुलाचे येथे काय होते, हा खरा प्रश्न आहे.

बहुधा वडीलधारी मंडळी आपली यादी घेऊन येतात. पाहिलेल्या पक्ष्यांची संख्या वाढावी, ही त्यांची इच्छा असते. मुलाच्या डोळ्यांना दुर्बीण लावून ‘तो बघ, तो बघ’ असा आग्रह धरला जातो. परंतु लहान मुलाच्या दोन डोळ्यांतील अंतर कमी असते आणि मोठ्यांची दुर्बीण त्या मापाची नसते. त्यामुळे मुलाला बहुधा काळोखच दिसतो. ‘दिसला’ असे ते म्हणते, ते आईबापांचे मन राखण्याकरिता. तासाभराने ते रडू लागते आणि मग त्याला गप्प राहण्याची आज्ञा होते. निसर्गाची अशी पहिली ओळख पुढे दुसऱ्या भेटीची ओढ लावीलच असे नाही.

वास्तविक भरतपूर हे लहान मुलास फार सोयीचे स्थान आहे. रस्ता सपाट आहे. सायकलरिक्षातून सावकाश जाता येते आणि रिक्षावाल्यांपैकी अनेकांना पक्ष्यांची नावे मुखोद्गत असतात. पावसाळा संपता संपता, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, पाण्यातील बाभळींवर चित्रबलाकांची घरटी दाटीने लागलेली असतात. प्रौढ चित्रबलाक जवळजवळ मुका असतो, तो चोच वाजवतो. पण त्याची पिल्ले भुकेने मोठा कोलाहल करतात. आई किंवा बाप मासे घेऊन आला, की ते घरट्यात ओकले जातात आणि पिल्लांची झोंबाझोंबी सुरू होते. हे पाहण्यास दुर्बीण लागत नाही आणि समजण्यास शिकवणीही लागत नाही. पाण्यात बुडी मारून केवळ सापासारखी मान वर काढणारा तिरंदाज, पंख पसरून वाळत बसलेला पाणकावळा, कमळाच्या पानांवरून चालणारा कमळपक्षी, झाडाच्या ढोलीतून टक लावून पाहणारा पिंगळा, एवढे चार पक्षी एका सकाळी मुलाने मनापासून पाहिले तरी पुष्कळ झाले.

म्हणून सहल लहान असावी. उन्हे चढण्यापूर्वी परतावे. हिवाळ्यात तेथील पहाट धुक्याची व कडाक्याच्या थंडीची असते, तेव्हा मुलासाठी थोडे ऊन येईपर्यंत थांबण्यात नुकसान नाही. खाऊ व पाणी जवळ असावे. मूल मुंग्यांच्या रांगेपाशी थांबले, तर मोठ्यांनीही थांबावे. दोन नियम मात्र ढळू देऊ नयेत: घरट्याजवळ जावयाचे नाही आणि पाखरू उडावे म्हणून खडा मारावयाचा नाही.

उद्यानातील केवलादेवाच्या मंदिराजवळ शिलालेख आहेत. त्यांवर शिकारींच्या तारखा, पाहुण्यांची नावे आणि मारलेल्या पक्ष्यांची संख्या कोरलेली आहे. १२ नोव्हेंबर १९३८ या दिवशीच्या शिकारीत ४,२७३ पक्षी पडले. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो त्या वेळी पाहुणे होते. नुकतेच अंक वाचू लागलेले मूल येथे विचारणारच: हे एवढे पक्षी कोणी मारले आणि कशासाठी? हा प्रश्न टाळू नये. बांध शिकारीसाठी बांधले गेले आणि त्याच पाण्यामुळे आज पाखरांना आसरा आहे, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि साध्या शब्दांत सांगितल्यास मुलाला त्या समजतात.

नोव्हेंबरची १२ तारीख हाच सालिम अली यांचा जन्मदिवस (१८९६). या पाणथळीच्या रक्षणासाठी त्यांनी पुढे पुष्कळ झटून काम केले. त्यांचा आरंभही एका मारलेल्या पाखरापासून झाला. मुंबईत लहान असताना त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. हा पक्षी कोणता, असे त्यांनी मामांना विचारले. मामांना ते सांगता आले नाही, पण त्यांनी प्रश्न झटकून टाकला नाही. चिठ्ठी देऊन मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठविले. मिलार्ड यांनी पक्षी ओळखला, पेंढा भरून ठेवलेल्या पाखरांचा संग्रह दाखविला, वाचावयास पुस्तके दिली. एका मुलासाठी एका कामकरी माणसाने काढलेला तो वेळ होता.

क्रौंचांच्या कुटुंबाची कथा मात्र सुखान्त नाही. वाटेवरील शिकार आणि पाणथळींचा ऱ्हास यांमुळे त्यांची संख्या घटत गेली. १९९० नंतर माणसांनी वाढविलेली क्रौंचांची पिल्ले भरतपूरला सोडून पाहण्यात आली, परंतु त्यांना वाट दाखविणारे आईबाप नव्हते आणि तो प्रयत्न फळाला आला नाही. २००१-०२ च्या हिवाळ्यात शेवटची जोडी दिसली. त्यानंतर भरतपूरला सायबेरियन क्रौंच आलेले नाहीत. ओब नदी तेथेच आहे, भरतपूरचे तळेही आहे. त्या दोहोंमधील वाट जाणणारा कोणी उरला नाही.

काही गोष्टी एका पिढीने दुसऱ्या पिढीला बरोबर नेऊनच शिकवाव्या लागतात. मधली एक पिढी चुकली, की वाट मोडते. प्रवासात मुलासाठी राखून ठेवलेली एक सकाळ, म्हणूनच, वाया गेलेली सकाळ समजू नये.