तहाआधीं पोंचलेलें धान्य
(साहाय्यक समितीच्या सभेंतील भाषण)



युद्ध थांबल्यावांचून धान्य पाठवून काय उपयोग, अशी शंका दात्यांस येते. तिचें उत्तर सुदानांत मिळतें. तेथें १९८३ सालीं पेटलेल्या यादवींत वाटा बंद पडल्या, गुरें लुटलीं गेलीं. १९८८ सालच्या दुष्काळांत दक्षिणेकडे सुमारें अडीच लक्ष माणसें दगावलीं, असा अंदाज आहे. १९८९ च्या एप्रिलांत, युनिसेफचे प्रमुख जेम्स ग्रँट यांच्या पुढाकारानें, संयुक्त राष्ट्रसंघानें सरकार व बंडखोर या उभय पक्षांकडून धान्याच्या वाटा मोकळ्या ठेवण्याचें वचन मिळविलें. तें अनेकदां मोडलें. १९९८ सालीं सरकारनें बहर अल गझल प्रांतीं जाणारीं विमानें रोखलीं व तेथील उपासमार वाढली. मुत्सद्द्यांनीं पुनः बोलणीं करून वाट उघडविली. युद्ध मिटविणारा तह झाला तो ९ जानेवारी २००५ रोजीं. इतकीं वर्षें पोट थांबतें काय?

वाट उघडणें हें मुत्सद्द्यांचें काम. पण त्या दिवशीं पोतीं भरलेलीं नसतील तर तें वचन कोरडेंच राहतें. पोतीं भरणें हें आपलें काम. तरी प्रत्येकानें यथाशक्ति द्रव्य वा धान्य आजच द्यावें, अशी समितीची सविनय विनंति आहे.