स्ट्रॉबेरी, सोडा आणि बाथरूममधल्या दोन बाटल्या

गेल्या हिवाळ्यात महाबळेश्वरला आत्याकडे होतो. तिच्या नातीला एक गंमत दाखवली. स्ट्रॉबेरीच्या रसात चिमूटभर खायचा सोडा टाकला. लाल रस काळपट-जांभळा! मग लिंबू पिळलं. फस्सकन फेस आला, तो कार्बन डायऑक्साइड. आणि लाल रंग परत! स्ट्रॉबेरीतलं अँथोसायनिन हे रंगद्रव्य आम्ल-अल्कलीनुसार रंग बदलतं.

पोरगी खूश. म्हणाली, "काका, आता बाथरूममधल्या बाटल्या मिसळू?"

मी गपकन थांबलो. कारण हे आपण मोठेच करतो. इथल्या पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरते, खिडक्या बंद असतात. आपण ब्लीच ओततो, डाग गेला नाही की वरून टॉयलेट क्लीनर. ब्लीचमधलं सोडियम हायपोक्लोराइट आणि क्लीनरमधलं हायड्रोक्लोरिक आम्ल भेटलं की क्लोरीन सुटतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात शस्त्र म्हणून सोडला, तोच हा वायू. हवेपेक्षा जवळपास अडीचपट जड, म्हणजे खाली बसून फरशी घासणाऱ्याच्या नाकाशीच साचतो.

तिला एवढंच सांगितलं: जे खातो तेच मिसळायचं. आणि तुम्हाला सांगतो, एका वेळी एकच बाटली. उग्र वास आला, डोळे चुरचुरले, तर साफसफाई राहू द्या, आधी बाहेर पडा. आज घरी हे नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!